बिनआकड्याची देवी

१० जानेवारी १९८७, शनिवार

नाही, मला नाही माहीत! देवी मोठी, का राक्षस मोठा, का सैतान मोठा – मी काय त्यांची वजनं करून ठेवलीत? नॉर्बर्टला हेच सांगितलं, तोंडावर. तर म्हणतो कसा, "वहिनी, एर्विन कधीतरी बोलला असेल की. जेवताना. गाडीत." जेवताना एर्विन मीठ मागायचा, दुसरं काही नाही!

अकरा वर्षं आमच्या तळघरात दर शनिवारी दुपारी हा खेळ चाललाय. कागद, पेन्सिली, नाना तोंडांचे फासे. माझा नवरा एर्विन खेळ चालवायचा – म्हणजे राक्षस तोच, पाऊस तोच, वेशीवरचा पहारेकरी तोच, देवसुद्धा तोच. बाकी तिघं एकेक वीर घेऊन बसायचे. नॉर्बर्ट क्राह्न, हायस्कुलात गणित शिकवतो, त्याचा जादूगार. ड्वेन प्लिस्का, दुधाचा टँकर चालवतो, त्याचा कुऱ्हाडवाला. आणि रॉक्सी, म्हाताऱ्यांच्या दवाखान्यातली नर्स, तिची पुजारीण. ऑक्टोबरात एर्विन दुखण्यानं गेला तो लढाई मधोमध टाकून. ग्रुल्माग नावाचा राक्षसराजा इल्मादेवीच्या देवळात घुसलाय, सर्व्हाक्स नावाचा सैतान दारात करारपत्र घेऊन उभा आहे – आणि फासा टाकायचा राहिला. तेव्हापासून तिघं येतात, राहिलं तिथंच बसतात आणि भांडतात. आता कोण जिंकणार? कोणात जास्त दम?

मला वैताग आलाय. एक शब्द सांगून गेला नाही हा माणूस. एक शब्द!

११ जानेवारी

चर्चमधनं आल्यावर नणंदेचा फोन. हुल्डा म्हणते, "अल्विना, तळघरात सैतान पाळलेस म्हणे! रेडिओवर सांगत होते, असल्या खेळानं माणसं बिघडतात." म्हटलं, "पाळलेत गं, पण गुणाचे आहेत. बूट बाहेर काढून येतात." फोन ठेवला तिनं. बरं झालं.

१७ जानेवारी, शनिवार

राक्षस आणि सैतान यात काही फरक आहे असं मला वाटलं नव्हतं. तसं बोलून बसले – ड्वेनसमोर! चांगली अर्धी दुपार गेली.

मला कळलं ते असं. राक्षस खालच्या अथांग खड्ड्यात राहतात. कुणी कुणाचं ऐकत नाही, ज्याच्या हाताला जे लागेल ते तो फोडतो. एर्विनचे भाऊ, थोडक्यात. सैतानांचं तसं नाही. त्यांचा नरक नऊ मजली, वर साहेब, खाली कारकून, सही केल्याशिवाय बोटही उचलत नाहीत. म्हणजे आपली काउंटीची सरकारी कचेरी. हे बोलले तर नॉर्बर्ट हसला नाही. वहीत लिहून घेतलं त्यानं!

त्यानं मोठ्या कागदावर तक्ता करून आणला होता. तीन रकाने – राक्षस, सैतान, देव. ताकद, जादू, कातडीची जाडी, आणि सगळ्यात खाली प्राण – मार बसेल तसे वजा करायचे. ग्रुल्मागचे दोनशे प्राण. सर्व्हाक्सचे एकशे साठ. इल्मादेवीच्या रकान्यात काही नाही. पांढरा!

"एर्विनकाकांनी देवांना कधी आकडा दिला नाही," रॉक्सी म्हणाली. "काका म्हणायचे, आकडा दिला की तुम्ही मारणार. प्राण मोजता आले की संपवता येतात."

"मग ती लढाईत आलीच कशाला?" ड्वेन. त्याचा कुऱ्हाडवाला गेल्या वर्षी राक्षसाला जाऊन मिळालाय, त्यामुळे तो हल्ली तिकडूनच बोलतो. "दोनशे विरुद्ध काहीच नाही. काहीच नाही म्हणजे शून्य. मेली!"

"शून्य वेगळं आणि रिकामं वेगळं," नॉर्बर्ट म्हणाला.

"तू मास्तर आहेस म्हणून शून्यातसुद्धा दोन प्रकार!"

रॉक्सी रडायच्या बेतात. तिच्या पुजारणीची सगळी शक्ती देवीकडून येते. देवी गेली तर पुजारीण नुसती बाई, आणि समोर राक्षस. नऊ वर्षं सांभाळलीय तिनं ती पुजारीण. दोन नवरे तेवढे सांभाळले नाहीत – हे मी बोलले, आणि ती रडता रडता हसली. तेवढंच मला जमतं.

जाताना नॉर्बर्ट म्हणाला, एर्विनची मासेमारीची पेटी बघा, त्यात तो खेळाचे कागद ठेवायचा.

२१ जानेवारी

पेटी उघडली नाही. अंगणातला बर्फ उपसला. मग रस्त्यावरचा. मग शेजाऱ्याचा!

२४ जानेवारी, शनिवार

उघडली. त्या तिघांसमोरच.

गळ, शिशाचे गोळे, आणि खालच्या कप्प्यात पत्त्यांएवढे कागद. ड्वेननं एक ओढला आणि असा ओरडला की मांजर वर पळालं. कागदावर एर्विनचं अक्षर – "इल्मा." त्याखाली, ती कशाकशाची देवी ते, "भट्टी, पाव, घर." आणि त्याखाली – ४०.

"चाळीस!" ड्वेन नाचायलाच लागला. "देवीला चाळीस प्राण! ग्रुल्माग एका फटक्यात संपवतो!"

"चाळीस?" रॉक्सीचा चेहरा उतरला. "माझ्या पुजारणीच्या खेचराला तीस आहेत."

मी कागद उलटा केला. मागे माझं अक्षर – दालचिनीच्या केकची कृती! एर्विन स्वैपाकघरात बसून खेळाचं लिहायचा, मी केक भट्टीत सरकवून म्हणायची, चाळीस मिनिटांनी आठवण कर. हातात असेल त्यावर तो आकडा टिपून ठेवायचा. केकचे आहेत ते चाळीस! सांगितलं तिघांना. शपथेवर सांगितलं.

"वहिनी, खेळ चालवणाऱ्यानं देवीच्या नावाखाली आकडा लिहिला की तो देवीचा आकडा," नॉर्बर्ट म्हणाला. हळू बोलला, पण अगदी ठाम. "लिहिलंय ते लिहिलंय. अकरा वर्षं हाच नियम."

अरे, माझा केक आहे तो!

रॉक्सी कोट घालून निघाली. "तिला असं मरताना बघायला मी येणार नाही, काकू." ड्वेन म्हणाला, नको येऊस, मीही शनिवारी तळ्यावर जाईन, बर्फाला भोक पाडून मासे धरेन, मासे तरी वाद घालत नाहीत. दार दोनदा आपटलं.

नॉर्बर्ट एकटा राहिला. तक्त्यात रबरानं जागा साफ करून चाळीस लिहीत बसला. मला त्याच्या डोक्यात तो तक्ताच घालावासा वाटला.

२५ जानेवारी

शनिवार सोडला तर या घराच्या तळघराचा जिना माझ्याशिवाय कुणी उतरत नाही. मीसुद्धा कपडे धुवायलाच. हे तिघं तुटले तर गेलं सगळं. आणि कशावरून तुटणार? तर केकवरून!

एर्विन, तू समोर असतास तर लाटणं फेकलं असतं.

३१ जानेवारी, शनिवार

फक्त नॉर्बर्ट आला. त्याला वर स्वैपाकघरात बसवलं, कागद पुढ्यात ठेवला, त्यात लिहिल्याप्रमाणे केक केला. घड्याळ लावलं. चाळीस मिनिटं तो आणि मी भट्टीच्या दारासमोर खुर्च्या टाकून बसलो. काढला. नॉर्बर्टनं काडी खुपसली, बाहेर काढली, उजेडात धरली. कोरडी!

"बोल आता."

तीन तुकडे खाल्ले त्यानं. मग म्हणतो, "एकच प्रयोग झालाय, वहिनी. योगायोग असू शकतो."

"मग दर शनिवारी करीन. तुझी खात्री होईपर्यंत."

मान खाली घातली. ताटलीतला चुरा बोटानं गोळा करत म्हणाला, "मला चाळीस पाहिजेत असं नाही. पण त्याच्या हातचं जे आहे ते एवढंच आहे. ते पण खोडायचं?"

चौथा तुकडा वाढला.

३ फेब्रुवारी

सकाळी ड्वेनचा टँकर येताना दिसला. झग्यावर एर्विनचा कोट चढवून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. थांबला. काच खाली केली.

"वहिनी, मराल ना! ब्रेक धरत नाहीत बर्फावर."

"मेले तर तुझा ग्रुल्माग खूश होईल. शनिवारी यायचं."

"कशाला? रॉक्सीची रडारड ऐकायला?"

"एवढा काय तुझा राक्षसात जीव अडकलाय रे? मामा लागतो का तो?"

हसेल असं वाटलं. हसला नाही. स्टीअरिंगवर हात ठेवून पुढे बघत राहिला. म्हणाला, "सहा महिने एर्विन झिजत होता. मी रोज संध्याकाळी दवाखान्यात यायचो, तुम्ही बघायचात. तुमचा पाद्री प्रार्थना म्हणायचा, रॉक्सी प्रार्थना म्हणायची. काय झालं? आणि आता खेळात मला सांगतात, देवीला कुणी हरवू शकत नाही. का नाही? एकदा हरू दे ना. खरं तरी वाटेल."

मागे एक गाडी भोंगा वाजवत होती. वाजवू दे म्हटलं.

"ये शनिवारी," मी म्हणाले. "तुझ्या राक्षसाला मारू देईन. जोरात."

७ फेब्रुवारी, शनिवार

आले! तिघंही. रॉक्सीला फोन करून मी धमकीच दिली होती की नाही आलीस तर तुझी पुजारीण मी खेळेन, आणि तिचं लग्न लावून देईन. ड्वेननं चीजची पिशवी आणली आणि रॉक्सीकडे न बघता तिच्यापुढे सरकवली.

मी एर्विनच्या खुर्चीत बसले.

"वहिनी, नियमांचं पुस्तक?" नॉर्बर्टनं विचारलं.

"पाठीमागे घेतलंय. खुर्ची खोल आहे."

मग सांगितलं – आता खेळ मी चालवते. इल्मादेवीला आकडा नाही. चाळीस माझ्या केकचे, कागद माझा, ज्याला कबूल नाही त्याला केक नाही. नॉर्बर्टनं तक्त्याकडे बघितलं, ताटलीकडे बघितलं, आणि रबर काढलं.

"टाक फासा, ड्वेन."

वीस तोंडांचा फासा, वीस पडले. वीस! त्यानं दंड थोपटले. बाकीचे फासे टाकून बेरीज केली. "त्रेसष्ट! करा वजा!"

"कशातनं?" मी विचारलं.

नॉर्बर्टची पेन्सिल तशीच वर.

"लागलं की नाही तिला?" ड्वेन म्हणाला.

"लागलं. हातातलं पीठ सांडलं. भिंतीवर आपटली ती."

"मग?"

"मग उठली. पीठ गोळा केलं, परत मळायला घेतलं."

"दुखलं नाही?"

"खूप दुखलं रे. रोज दुखणार आहे. पण संपली नाही."

ड्वेननं परत फासा टाकला नाही. फासा मुठीत धरून बसला. रॉक्सीनं चीजची पिशवी त्याच्याकडे परत सरकवली.

फार गंभीर झालं, मला असलं सोसत नाही. म्हणून दारातला सैतान आत आणला. सर्व्हाक्स राक्षसाला विचारतो, "देवळात घुसायचा परवाना?" ग्रुल्माग म्हणतो, कसला परवाना? "सहीचा. तीन प्रतींत. रांगेत उभे राहा." ड्वेन ओरडला, "रांगेत? ग्रुल्माग? हाणतो त्याला!" आणि जुंपली! दोघांनाही आकडे, त्यामुळे नॉर्बर्ट इतका खूश की काय सांगू. दोन तास नुसती वजाबाकी. शेवटी राक्षसाचे सात प्राण उरले, सैतानाचे चार, आणि दोघं एकमेकांच्या झिंज्या धरून, अजून परवान्यावरून भांडत, पायऱ्यांवरून गडगडत बाहेर.

"मी देवळाचं दार लावते," रॉक्सी म्हणाली. फासा उचलला.

"दार लावायला फासा लागत नाही, पोरी. लाव."

ड्वेन डोळे पुसत हसत होता. का पुसत हसत होता ते मी विचारलं नाही. कोट घालताना म्हणाला, "हे एर्विनचंच ठरलेलं. तुमच्या डोक्यातलं नाही हे, वहिनी."

"काका सांगून गेले होते ना?" रॉक्सीनं माझा हात धरला. "खरं सांगा, काकू."

"हो," म्हटलं. "सांगून गेला होता."

नॉर्बर्ट जिन्यावरनं विचारतो, दाराबाहेर पुढच्या शनिवारी कोण असेल? म्हटलं, ये आणि बघ.

८ फेब्रुवारी

सांगून गेला होता. चौदा ऑक्टोबरला, दुपारी, पूर्ण शुद्धीत. "देवी हरते, अल्विना. राक्षस तिला खातो, तिघंही मरतात, खेळ संपतो. पहिल्याच शनिवारी सांग आणि मोकळं कर त्यांना. तुझी कीव येऊन तळघरात बसायला नकोत ती." मी बरं म्हणाले. मग सगळ्यांना सांगितलं, काही बोलला नाही. या वहीतसुद्धा तेच लिहिलं.

मला शनिवार पाहिजे होता.