बेबीनंदाने आवळलेली नळी

मी, राजानंद पुंजाराम खरात, वय एकोणसत्तर, नौदलातून निवृत्त पाणबुड्या, राहणार शहागड, ता. अंबड, जि. जालना, माझे शेवटचे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर आहे, प्रकृती बरी आहे. मला कोणी लिहायला बसवलेले नाही, तसे बसवणारे घरात आता कोणी नाही. पत्नी बेबीनंदा गेल्या वर्षी वारली. मूलबाळ नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. शहागडचे राहते घर, मागच्या पत्र्याच्या खोलीसह, पुतण्या भारत धर्मराज खरात व त्याची पत्नी रूपाली या दोघांच्या नावे सारख्या हक्काने व्हावे.

२. बँकेतील ठेव रूपालीला. तीतून दरवर्षी पाण्यात उतरताना पाठीवर घ्यायच्या हवेच्या सिलिंडरची तपासणी करून घ्यावी. उरेल ते तिचे. तिला कोणी हिशेब विचारू नये.

३. धाकटा भाऊ धर्मराज, म्हणजे भारतचे वडील, यांना गॅसची शेगडी व दोन्ही टाक्या. कारण खालच्या कलमात येईल.

४. पाण्यात उतरण्याचे साहित्य. नौदल सोडल्यावर मी विहिरीत पडलेल्या मोटारी, गोदावरीत बुडालेली माणसे आणि एमआयडीसीकडच्या सांडपाण्याच्या टाक्यांतले अडकलेले व्हॉल्व्ह काढून देत असे. नितळ पाण्यात ओला सूट घालतात. त्यात पाणी शिरते, पण चालते. घाण पाण्यात कोरडा सूट. त्यात थेंब शिरत नाही, मात्र खोल गेल्यावर तो अंगाला आवळतो. म्हणून त्यात हवा भरायला रेग्युलेटरपासून, म्हणजे सिलिंडरच्या तोंडावर बसवायच्या दाब कमी करणाऱ्या यंत्रापासून, छातीपर्यंत एक जादा नळी लागते. ओला सूट घालायचा तेव्हा ही नळी काढून रेग्युलेटरच्या त्या भोकाला बूच लावायचे.

हे काम बेबीनंदाचे. तिला पोहता येत नव्हते. सिलिंडर बंद करून, आतली हवा सोडून, मगच ती पाना लावी. आवळायची ते बेतानेच. मग सिलिंडर उघडून जोड बादलीत बुडवी आणि बुडबुडे येतात का पाही. उतरण्याआधी दर वेळी विचारी, “कोणतं पाणी हाय?”

मी सांगे, “नितळ.”

“मंग नळी काढली, बूच लावलं. जा.”

धर्मराज एकदा काठावर सगळ्यांसमोर म्हणाला, “दादा, बाईमाणसाच्या हातात जीव देऊन राह्यला का तू?”

तीच बोलली, “मंग तुमच्या हातात देऊ का, भाऊजी? तुम्हाला घरची गॅसची टाकी बदलता येत न्हाई.”

तो पुढे आमच्याकडे जेवायला आला नाही. तिच्या मातीला आला, पण फाटकाबाहेर उभा राहिला. शेगडी त्याने स्वतः जोडावी.

५. भारत माझ्याकडेच शिकला. हात चांगला आहे, घाई आहे. मी व बेबीनंदा बाहेरगावी असताना त्याने पिंपळगाव रेणुकाईला एका विहिरीत ओल्या सूटवर उडी घेतली आणि कोरड्या सूटची नळी तशीच पट्ट्यात खोचून ठेवली. खाली ती मोटारीच्या दोरात अडकली. तो सुटून वर आला, हे नशीब.

“एक नळीच तर होती, मोठी आई,” तो म्हणाला.

बेबीनंदाने एवढेच विचारले, “काठावर कोण होतं?”

कोणी नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने रूपालीला बोलावून पाना तिच्या हातात दिला.

म्हणून वाटणी अशी: रेग्युलेटर, सिलिंडर व दोन्ही सूट भारतला. जादा नळी, बूच, रबरी कड्या व पाना रूपालीला. एकाला दुसऱ्यावाचून पाण्यात उतरता येऊ नये, अशीच ही वाटणी आहे. त्यांनी ती आपसात बदलू नये.

६. बेबीनंदा म्हणाली होती, “मला पाण्यात सोडू नका. मी काठावरची हाय.” तिची रक्षा मागच्या कडुनिंबाखाली आहे. माझीही तिथेच घालावी.

७. गेल्या वर्षी सांडपाण्याच्या एका टाकीचे काम ठरले होते, म्हणून तिने आदल्या संध्याकाळी कोरड्या सूटची नळी बसवून ठेवली. सकाळी तिच्या छातीत दुखू लागले. काम राहिले, तीही राहिली नाही. नंतर विहिरींची बोलावणी आली. विहिरीला ही नळी काढावी लागते. मी कंबर धरल्याचे सांगून नकार देत गेलो. कंबरेला काही झालेले नाही. तिने आवळलेला तो जोड मला सोडवत नाही. रोज पुसून ठेवतो. अशाने आतली रबरी कडी वाळते आणि हे बरोबर नाही, हे मला कळते.

माझ्यामागे तो जोड रूपालीने सोडावा, भारतने नव्हे. नवी कडी घालावी, बादलीत पाहावे. आणि “कोणतं पाणी हाय?” हे मोठ्याने विचारावे. मी इथे एकटाच विचारून पाहिले. उत्तर मलाच द्यावे लागले. काठावर ते भारतने द्यावे.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. काही खोडलेले नाही. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले व माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या. त्यांना यातले काही मिळत नाही.

सही: राजानंद पुंजाराम खरात

साक्षीदार:
१. संपत भुजंग मगरे, शेजारी, शहागड (सही)
२. चांगुणाबाई किसन घुले, निवृत्त शिक्षिका, शहागड (सही)

ठिकाण: शहागड
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५