नाभिरक्षणाचा वृत्तान्त

गोरेगाव (जि. हिंगोली), गुरुवार, सायंकाळ.

श्रीमत् सकलगुणालंकृत, लंबोदरकुलभूषण, किराणाभुवनाधीश आम्ही, आज हिंगोलीच्या दवाखान्यातून नाभीसह परतलो. ‘नाभीसह’ हा शब्द मुद्दाम लिहितो. ती कापावी लागेल, या धास्तीनेच सकाळी जीपमध्ये बसलो होतो.

बेंबीतून कित्येक दिवस पू येत होता. सौभाग्यवतींच्या आज्ञेवरून आम्ही तीत नित्य एरंडेल घालीत होतो. आज डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने आतून केसांचा झुपका ओढून काढला. आमच्याच उदरावरचे केस, आत रुतून बसलेले!

“तेल कुणी घालायला सांगितलं, काका?”

आम्ही सहधर्मचारिणीकडे निर्देश केला. ती उसळली, “लेकरांच्या बेंबीतबी तेल घालतेत, बाई! ह्यांनी ती कधी धुतली व्हय, ते इचारा.”

निर्णय असा: तेल वर्ज्य, जागा कोरडी, भोवतीचे केस नियमित काढणे. पुन्हा चिघळले तरच शस्त्रक्रिया. तीत बेंबीही जाऊ शकते.

तो झुपका डोळ्यांपुढून हलत नाही. एवढ्याशा विवरात एवढे मावले कसे? मातेशी जोडणारी आद्य खूण, आणि ती स्वतःच्याच केसांपायी गमवायची? असो. ठणका थांबला आहे. चित्त स्वस्थ आहे.

प्रश्न क्षौराचा. उदरपर्वताआड नाभी आम्हांस दिसत नाही. आरशात पाहावे तर हात उलटा चालतो. वस्तरा सौभाग्यवतींपुढे धरला, तर म्हणते, “मला न्हाई जमायचं. हसू येऊन राहिलं, हात हलतो.” मग हे करावे तरी कोणी?