एकशे वीस गाड्यांचा बगीचा

१४ फेब्रुवारी २००६, मंगळवार

एकशे वीस गाड्या! जमिनीखाली! आमच्या गावात!

आज नगरपरिषदेत नागरिक सल्लागार समितीची पहिली बैठक झाली. मला का घेतलं ते मला ठाऊक आहे. एक बाई पाहिजे होती, आणि टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेली, कॉन्व्हेंटात शिकलेली बाई फोटोत बरी दिसते. नगराध्यक्ष भगवानरावांनी भिंतीवर नकाशा टांगला. बाजाराच्या मैदानात बगीचा! गाण्यावर नाचणारं कारंजं, जॉगिंग ट्रॅक, दिव्यांची कमान आणि पोटात अंडरग्राउंड पार्किंग. गावातल्या सगळ्या चारचाक्या, दारव्ह्याच्या काळ्यापिवळ्या जीपा आणि शववाहिका धरूनही ते अर्धं भरायचं नाही. मी तसं म्हटलं. कोणी हसलं नाही. शववाहिकेला हल्ली सवड नसते.

भगवानराव म्हणाले, "सत्यशीलाताई, आपल्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात कायले येते, माहीत आहे नं? कापूस अन् मरण, कापूस अन् मरण. एक दिवस तरी चांगल्यासाठी येऊ द्या."

आवाज खरा होता त्यांचा. म्हणूनच जास्त राग आला.

मी विचारलं, यात बायकांसाठी काय? मागून कोणीतरी — "कारंजं आहे नं!"

१५ फेब्रुवारी

कारंजं. बायकांसाठी. पाणी उडताना बघत बसा म्हणे!

१६ फेब्रुवारी, गुरुवार

बाजार. धुरपताबाईकडून वांगी आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेतली. तिची जागा जुन्या जिनिंग फॅक्टरीच्या भिंतीलगत, दोन हातांची. आधी तिची सासू बसायची तिथं. जमिनीत एक काळा दगड रोवलाय, तीच जागेची खूण. बाजारात असा प्रत्येकीचा दगड आहे. धनीण आली नाही तरी त्यावर दुसरी बसत नाही.

पण भिंत कुठाय? मोजणीला आडवी येते म्हणून गेल्या आठवड्यात पाडली! त्या भिंतीमागेच तर बायका जायच्या. दोघी लुगडं धरून उभ्या राहायच्या, तिसरी बसायची.

"आता कुठे जाता गं?"

"जातच नाही, बाई. पानीच नाही पेत. बाजाराच्या दिशी पहाटपासून पानी बंद. सासूनं पह्यल्याच बाजाराले सांगतलं — तोंडात चिंचोका धर, तहान नाही लागत."

शेजारची मिरचीवाली शकुबाई म्हणाली, "अव, हिचे चिंचोके झिजले, पन बाजार नाही सुटला!" दोघी खदखदा हसल्या. मला हसू येईना. धुरपताबाईला दोन वर्षांपासून लघवीला आग होते. मधून ताप येतो. "डाक्टर म्हनते पानी पे. पेलं तं जाऊ कोठी? तुमच्या घरी येऊ?"

"या. सगळा बाजार घेऊन या!"

"मंग तुमच्याच घरी अंडरग्राउन करा लागते," शकुबाई.

घरी येताना एक्स्चेंजचे दिवस आठवले. बदली बाई आल्याशिवाय बोर्ड सोडायचा नाही, आणि बदली बाई कधीच वेळेवर यायची नाही. पोट दगडासारखं घट्ट करून गोड आवाजात 'नंबर प्लीज'. छप्पन सालच्या दीक्षेनंतर माझ्या बाबांनी पोटाला चिमटा घेऊन मला नागपूरला नन्सकडे घातलं. सिस्टर अग्नेसनी उच्चार घोटून घेतले. आवरून धरायचं मात्र कुणी शिकवावं लागलं नाही.

कारंजं म्हणे!

९ मार्च

दुसरी बैठक. नागपूरच्या आर्किटेक्टचा माणूस आला होता — नयन नावाचा, चकचकीत बूट, हातात लेझरची काडी. तिचा लाल ठिपका नकाशावर माशीसारखा फिरत होता. मी म्हटलं, बाजारच्या बायकांसाठी संडास-मुतारी कुठे आहे? शब्द ऐकून दोघा सदस्यांनी खाली पाहिलं. जणू मी तिथंच बसणार होते.

"मॅडम, एन्ट्रन्सचा व्ह्यू जातो. डिझाइनमध्ये बसत नाही."

"मग डिझाइन उभं करा! बसणाऱ्या बाईला जागा नाही आणि उभ्या गाडीला सावली!"

नंतर मी इंग्रजीवर गेले. मला राग आला की जाते. भगवानरावांनी हात जोडले, "ताई, मराठीत भांडा, आमाले बी समजू द्या."

समजावलंच मग. विचारलं, तुमच्यापैकी कोणाच्या आईनं बाजार केलाय? भगवानरावच बोलले, नकाशाकडे पाहत — "माह्या मायनं केला. लाखोळीची डाळ विकत होती." मग नयनला, "बसव कोठीतरी."

बसव कोठीतरी. आमच्या सगळ्या हक्कांची भाषा ही एवढीच आहे.

२० एप्रिल, गुरुवार

धुरपताबाई सरकारी दवाखान्यात. मूत्रपिंडापर्यंत गेलंय. सलाईन.

बाजारात तिच्या जागी नुसता दगड. एवढी गर्दी, पण कोणी तिथं टोपलीसुद्धा टेकवली नाही. शकुबाईनं पदरानं धूळ झटकली आणि परत मिरच्या तोलायला बसली. "येईल नं ते. जाते कोठी?"

२१ एप्रिल

दवाखान्यात गेले. धुरपताबाईला एकच काळजी — जागा. दोन गुरुवार चुकले, तिसरा चुकला तर गिऱ्हाईक मोडते. "दुसरं काय आहे, बाई, माह्याजवळ? सोयाबीन दुसऱ्याच्या वावरात, घर लेकाच्या नावचं. ते दोन हात तेवढे माहे."

मी म्हटलं, तुझ्यासाठी संडास बांधून घेते, बघच तू.

ती म्हणाली, "टाइल लावजा." आणि डोळे मिटून हसली.

१५ मे

ऊन. लाल दिव्याच्या गाड्या आल्या, पॅकेजचे आकडे वाचून गेल्या. कापसाचा भाव जिथल्या तिथे. समितीची बैठक रद्द. का, विचारायला फोन केला तर शिपाई म्हणाला, "साहेब मयतीत गेले." कोणाच्या, विचारलं नाही. आता कोणीच विचारत नाही.

सगळ्याचा वीट आलाय. एका मुतारीसाठी मी तीन महिने भांडतेय! सिस्टर अग्नेस असत्या तर म्हणाल्या असत्या, ऑफर इट अप. करते ना अर्पण. कोणाला करू?

२२ जून

जिंकले!!

नयननं सुधारलेला नकाशा आणला. प्रवेशद्वाराच्या डावीकडे, मेंदीच्या कुंपणामागे — 'लेडीज टॉयलेट', चार खोल्या, टाइल्स, वर पाण्याची टाकी. मी लेझरची काडी त्याच्या हातून घेतली आणि तो लाल ठिपका नेमका तिथं धरला. सगळ्यांना पाहायला लावलं. मंजुरीला हात वर करणाऱ्यांत माझा पहिला.

तडक बाजारात. धुरपताबाई परत बसायला लागलीय, निम्मी झालीय. सांगितलं तर तिनं मूठभर सांभार माझ्या पिशवीत कोंबला. "कारंज्यापरीस हे बरं केलं, बाई."

आज पहिल्यांदा वाटलं, रिटायर झाले तरी संपले नाही.

२७ जुलै, गुरुवार

शकुबाईनं पावसात प्लास्टिकखालून हाक मारली. "बाई, संडास झाला समजा. पन आमी बसू कोठी?"

"म्हणजे?"

"नगरपालिकेचा मानूस आलता. म्हने दिवाळीनंतर दगड उचला."

तशीच ओली नगरपरिषदेत गेले. नयन नकाशे गुंडाळत होता. त्यानं शांतपणे सांगितलं, "बाजार बायपासला शिफ्ट होणार ना, मॅडम. ते तर पहिल्या दिवसापासून आहे. गार्डनमध्ये बाजार कसा राहील? आणि तुमच्या टॉयलेटला जागा तिथूनच निघाली. ती भिंतीकडची लाइन."

ती भिंतीकडची लाइन. धुरपताबाईचा दगड.

खोटं नव्हता बोलत तो. मैदानावर सगळीकडे हिरवा रंग होता आणि मी त्यात फक्त माझी चार खोल्यांची चौकट शोधत होते. बाजार कुठे आहे, हे मी एकदाही विचारलं नाही. मैदान आहे तिथे बाजार असणारच! लहानपणापासून तो तिथंच होता. आकाश नकाशात दाखवलंय का, असं कोणी विचारतं का?

३ ऑगस्ट

सांगायला गेले. मला वाटलं शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या! धुरपताबाई म्हणाली, "तुमी आमच्या भल्यासाठीच केलं नं, बाई. जाऊ द्या." आणि वांग्यांवर पाणी शिंपडत राहिली.

शिव्या चालल्या असत्या.

१० ऑगस्ट

भगवानरावांकडे. ते ओट्यावर चहा पीत होते. मी म्हटलं, तुमच्या आईचा दगडही त्याच मैदानात होता. त्यांनी बशी खाली ठेवली. "होता. म्हनूनच म्हनतो ताई, किती पिढ्या मातीत बसाव? बायपासले ओटे बांधून देऊ, शेड देऊ." कधी? "फंड आला का."

यांच्याशी भांडायचं तरी कसं? हा माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर

दगड काढले. जेसीबीनं. मी गेले नाही.

४ जानेवारी २००७, गुरुवार

बायपासचा बाजार पहिल्यांदा पाहून आले. ओटे नाहीत, शेड नाही, झाड नाही. दारव्ह्याच्या जीपा गावात थांबतात, इकडे येत नाहीत. गिऱ्हाईक कोण — दोन ट्रकवाले. दगड नसल्यानं जागेवरून भांडणं! शकुबाई एका पोरीवर ओरडत होती. पूर्वी तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. धुरपताबाई टोकाला, नालीजवळ. मला पाहून तिनं पदर सावरला. वांगी मऊ पडली होती. सगळी मागितली मी.

"इतकी काय करता, बाई? एकल्या तं राह्यता."

१२ जुलै

पार्किंगचा खड्डा पावसानं भरला. काळी माती फुगली, एक बाजू आत आली. बेडूक ओरडतात. गावातली एकमेव गोष्ट जिची सोय झाली!

११ ऑक्टोबर

धुरपताबाई बाजारात नव्हती. शकुबाई म्हणाली, "नाही येत आता. इकडचा बाजार पुरत नाही तिले." जास्त काही सांगेना. मीही खोदून विचारलं नाही. भित्री झालेय.

३१ जानेवारी २००८

आज उद्घाटन. निमंत्रण आलं होतं, छापील, सोनेरी अक्षरांत माझं नाव. फाडलं. संध्याकाळभर कारंज्याची गाणी घरापर्यंत ऐकू येत होती. बगीच्याला तिकीट दोन रुपये. पेपरात फोटो येईल. भगवानरावांचं स्वप्न पूर्ण झालं — चांगल्यासाठी नाव!

पार्किंगमध्ये म्हणे एका व्यापाऱ्यानं कापसाची पोती ठेवलीत. भाव चढेपर्यंत.

१४ फेब्रुवारी २००८, गुरुवार

पेन्शनच्या रांगेत सकाळ गेली. बँकेतून परत येताना पोट दुखायला लागलं, घर लांब होतं. बगीच्याचं तिकीट काढलं. मेंदीच्या कुंपणामागे स्टुलावर धुरपताबाई. निळी साडी, गळ्यात ठेकेदाराचा बिल्ला, पायाशी पाण्याची बाटली. तब्येत सुधारलीय. मला पाहून उठून उभी राहिली.

"शकुबाई आलती आत्ता. बायपासवरून चालत, मेंदीच्या फटीतून घुसून. तिकीट नव्हतं तिच्याजवळ. मुकादम पाहून राह्यला होता, बाई... म्या वापस धाडलं तिले." मग दार उघडून धरलं. "तुमी या नं. तुमाले कोन अडवते?"

मी आत गेले.