पाहुणीची ओटी

मम्मी, हा शब्द तुम्हीच मला शिकवलात, म्हणून तोच लिहिते. ‘आई’ म्हणायला लावायची तुमची हिंमत झाली नाही, तेवढं शहाणपण तुमच्यात होतं. परवा जुईनगरच्या आमच्या सोसायटीत एका मुलीचं डोहाळजेवण होतं. मी निवृत्त, रिकामी, त्यात वयानं मोठी, म्हणून पहिली ओटी भरायला मला पुढं केलं. ओंजळीत तांदूळ घेतले आणि तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या हातातल्या तांदळावरचा हक्क तुम्ही काही सोडत नाही. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

तुमची बाजू मला पाठ आहे. मी दहा महिन्यांची असताना तुमचे यजमान गेले, दुसरं स्थळ आलं आणि त्यांना मूल नको होतं. आय, जिनं मला पुढं वाढवलं ती, ठाण्याला तुमच्या माहेरी भाजीची पाटी घेऊन यायची. लग्नाला बारा वर्षं होऊन तिची कूस उजवली नव्हती, हे तिनंच पायरीवर बसून तुम्हाला सांगितलेलं. ते तुम्ही बरोबर लक्षात ठेवलंत. एके सकाळी तुर्भ्याच्या पलीकडं आमच्या शेतावर आलात, तिला पदर पसरायला सांगितलंत आणि मला तिच्या ओटीत घातलंत. ‘आजपासून ही तुमची.’ गावचे पाटील तिथं होते. ते बाला, आयच्या नवऱ्याला, म्हणाले, ‘कागद करून घे रं, शेरातली मानसं हायेत.’ बा हसला. ‘ओटीत घातल्याल्या पोरीचा कागद कसला, पाटील? मी काय बैल इकत घेतलाय?’ आय-बाची चूक म्हणाल तर एवढीच. ओटीत पडलेलं कुणी परत मागतं, हे त्यांच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

पुढच्या नऊ वर्षांबद्दल तुम्ही मला कधी एक शब्द विचारला नाहीत, म्हणून सांगते. आमची खारीची जमीन. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा मोठा बांध, आणि त्या बांधाला खेकडे भोकं पाडायचे. उधाणाच्या आधी भोकं शोधायचं काम माझं. मी ओरडते, ‘बा, हितं एक हाय!’ आणि बा चिखलाचा गोळा घेऊन धावत येतो, भोक बुजवतो, वर टाच मारतो. ‘माज्या पोरीची नजर घारीची,’ असं अख्ख्या खाडीला ऐकू जाईल एवढ्यानं सांगतो. दुपारी आय चुलीपुढं बसून तांदळाची भाकरी थापते, पहिली माझी, तिच्यावर भाजलेली सुकट. मी नको म्हटलं की म्हणायची, ‘खा गो बाय, नायतर खेकडं तुलाच वढून नेतील.’ मला खेकड्यांनी नाही नेलं.

तुम्ही आलात. वाशीला नवा फ्लॅट झाला होता, तुमच्या दुसऱ्या संसारात मूल होत नव्हतं, आणि आता तुम्हाला मी हवी होते. म्हणजे बिनमुलांचं जोडपं तुम्ही झाला होतात, आणि दुसऱ्या बिनमुलांच्या जोडप्याकडून मला उचलून न्यायचं ठरवलं होतंत. बरोबर तुमचे दुसरे यजमान, ज्यांना तुम्ही साहेब म्हणायचात, हातात माझ्या जन्माचा दाखला. ‘आम्ही ठेवायला दिली होती,’ साहेब म्हणाले. ठेवायला! बाकडं उचलून दुसऱ्याच्या ओसरीत ठेवतात तसं. पाटील त्या दिवशीही ओसरीत होते; बा नुसता त्यांच्याकडं बघत राहिला. आय आत गेली, आणि बाहेर आली ती सुपात तांदूळ आणि नारळ घेऊन. तिनं तुम्हाला कुंकू लावलं, तुमची ओटी भरली. ‘सवाशीन हायेस, रिकामी कशी जाशील?’ तुम्ही पदर आवळून ती घेतलीत आणि बांधाच्या वळणावर, घर दिसेनासं झाल्यावर, तांदूळ पाण्यात झटकून टाकलेत. नवी साडी मळेल म्हणून. मी शेजारून चालत होते, मम्मी. माझी नजर घारीची होती.

मग कॉन्व्हेंट. जेवताना मी पानी मागितलं की तुम्ही तांब्या बाजूला सरकवायचात. ‘पाणी. शेतावरची भाषा शेतावर.’ सिस्टरांनी मला इंग्रजीत टोचून बोलायला शिकवलं, मराठीत तो गुण आयचा होताच. दोन्ही जपून ठेवले. माझ्या लग्नात ते कामाला आले. आय आणि बाला मी कन्यादानाला बसवलं, तुम्हाला तिसऱ्या रांगेतली खुर्ची दिली. तुम्ही निघालात तेव्हा हॉलच्या दारात सगळ्या बायकांसमोर मी तुमची ओटी भरली. तुमची नणंद म्हणाली, ‘अगं, मुलगी आईची ओटी भरते का कधी?’ मी म्हटलं, ‘आईची नाही. पाहुणीची भरतात. आणि वाटेत सांडू नका हं, मम्मी.’ तुमचा चेहरा तांदळापेक्षा पांढरा झाला. त्या क्षणाची चव मी आजवर घेत आले. तुम्ही त्यानंतर दोनच वर्षं जगलात. मी भेटायला आले नाही, आणि त्याबद्दल इथं माफीही मागत नाहीये.

हे पत्र कुठं जाणार नाही, तेव्हा राहिलेलंही लिहिते. त्या दिवशी ओसरीत तुम्ही खोक्यातून काळे पट्ट्याचे बूट काढलेत आणि विचारलंत, ‘येतेस का?’ कुणी मला ओढलं नव्हतं. बा काही बोलायच्या आत मी ‘येते’ म्हणाले. आयनं ते ऐकलं, आणि मगच ती तांदूळ आणायला आत गेली. माझं ते ‘येते’ ऐकून तिला काय वाटलं, हे लग्नात विचारायचं होतं, पण तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि ते राहूनच गेलं. तुमच्यावरचा राग मी जरा जास्तच जोरात धरून ठेवला, तो त्या एका शब्दासाठी.

बूट पहिल्याच दिवशी चावले होते. बांध संपायच्या आधीच. मी तुम्हाला सांगितलं नाही.