कुंकवाखालचा कोड

२ मे, शुक्रवार, सकाळी ७.१०
निर्णय घेतला. मी एकदा घेतला की बदलत नाही.
अकोल्याची मावसबहीण रागिणी ११ तारखेला नोकरीसाठी जर्मनीला चालली. त्याआधी आम्हा दोघींना मिळून तो जहाजाचा गेम संपवायचा आहे. एकीने जहाज वळवायचं, दुसरीने गळती बुजवायची. गेम सोळा तासांचा. हातात नऊ दिवस. आरामात.
तिने काल चहा उकळेस्तोवर डाउनलोड करून घेतला; उघडणार मात्र माझ्याबरोबरच. मी मात्र डब्यातला घेणार. आमच्याकडे नवीन वस्तू देवापुढे ठेवून, हळद-कुंकू लावूनच वापरतात. मिक्सर, सायकल, गॅसचा रेग्युलेटर, सगळं. डाउनलोडला कुंकू कुठे लावायचं? चौथीपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं, रीतीभातींसकट, ते काय उगाच?

३ मे, शनिवार
अमरावतीत चार दुकानं पालथी घातली. पहिल्याने मोबाइलचं कव्हर दाखवलं. दुसरा म्हणाला, "ताई, गेमचा डबा? कोणत्या जमान्यातून येऊन राहिल्या तुमी?" तिसऱ्याने पेनड्राइव्ह पुढे केला, म्हणे पन्नास गेम भरून आहेत. चोरीचा माल! मी ताडकन बाहेर पडले. (त्यातल्या गेमची यादी दोनदा वाचली, पण ती फक्त खात्री करायला.) चौथं बंद होतं.
ऊन ४४. मन शांत.

४ मे, रविवार
रागिणीचा फोन. "काय वं अदू, गेम खेळतं का डब्याचं लग्न लावतं? दाब ना बटन! काहून इतका विचार करून राहिली?" मी म्हटलं, मी विचार करतच नाही, मी पद्धत पाळते. नंतर तासभर विचार केला.
नवं वेळापत्रक: रोज अडीच तास. जमतं.

५ मे, सोमवार, अकोला
मिळाला!!
रागिणीच्या घराजवळच्या धर्मेंद्रभाऊंच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात, कूलरच्या पंपांमागे, अगदी वरच्या फळीवर. सीलबंद. भाऊंनी फुंकर मारली तर दोघेही शिंकलो. ते म्हणाले, "ताई, याच्या आत ना..." मी हात वर केला. आत काय आहे ते देवापुढेच बघायचं. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. मी पुन्हा हात वर केला. माझ्यात इतका अधिकार आहे हे मला ठाऊक नव्हतं.
मग रागिणीकडे. तिने लॅपटॉप उघडून ठेवलेला. म्हणे, बस, आत्ताच सुरू करू. पण पूजेआधी खेळले असते तर गेम उष्टा झाला असता. टरबूज खाल्लं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. डबा पूर्ण वेळ मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, मिठाई का?

६ मे, मंगळवार
बाबा पौरोहित्य करतात, म्हणून मुहूर्त विचारला. म्हणाले, "गेमाले कशाचा मुहूर्त? कर आत्ता." माझी परीक्षा घेत होते, हे मी लगेच ओळखलं. गुरुवार ठरवला.

८ मे, गुरुवार, सकाळी ८.००
स्नान, दिवा, उदबत्ती. सील काढलं. आत सीडी नाही. एक चिठ्ठी, तिच्यावर जहाजाचं चित्र. (लॅपटॉपला सीडीची खाच नाही हे आजच दिसलं. तीन वर्षं वापरते आहे.)
तरीही चिठ्ठी पाटावर ठेवली, मधोमध ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, वर तीनदा पाणी शिंपडलं. फार प्रसन्न वाटलं.

८.२०
चिठ्ठी वाचली. 'खालील कोड टाकून गेम डाउनलोड करा.' कोडची सोळा अक्षरं. त्यातली सात स्वस्तिकाखाली.
आई म्हणाली, "आता देवालेच विचार."

९ मे, शुक्रवार
दहा प्रयत्न केले. अकराव्याला संगणकाने सांगितलं, उद्या या. धर्मेंद्रभाऊंना फोन केला. "मी तेच तं सांगून राहिलो होतो ताई! तुमी ट्रॅफिक पोलिसासारखा हात दाखवला."
मग रागिणीला फोन करून सांगितलं. ती फक्त म्हणाली, "दोनच दिवस राह्यले, अदू."
मी घाबरलेली नाही. झोप येत नाही ती उकाड्याने.

१० मे, शनिवार
जिंकले! चिठ्ठी टॉर्चवर धरली, अक्षरं मागून दिसली, दुसऱ्या प्रयत्नात कोड लागला. डाउनलोड सुरू. म्हणजे शेवटी डाउनलोडच, पण पूजा केलेलं. फरक आहे.
दुपारी ९ टक्के. मग लाइट गेली. संध्याकाळी ३१.
उद्या रागिणीची गाडी नागपूरच्या विमानतळाला जाताना आमच्याकडे अर्धा तास थांबणार. तेवढा वेळ तर खेळूच. बिस्किटं आणली.

११ मे, रविवार, दुपारी ४.२५
रागिणी सव्वातीनला आली. तेव्हा ९४ टक्के. तिने तिचा लॅपटॉप माझ्या लॅपटॉपशेजारी उघडून ठेवला. आम्ही दोघी टक्के बघत बसलो. ९५ ला टाळ्या वाजवल्या. ९६ ला आईने पोहे आणले. ९८ ला खाली ड्रायव्हरने हॉर्न दिला. रागिणीने माझा हात घट्ट धरला, म्हणाली, "अजून एक टक्का पाहू दे." ९९ झाले. आईने तिच्या हातावर दही घातलं. ती लॅपटॉप मिटून गेली.
चार वाजून दोन मिनिटांनी गेम सुरू झाला. पहिल्याच पडद्यावर लिहिलेलं: 'दोघांसाठी एकच प्रत पुरे. एकाच कीबोर्डवरही खेळू शकता.'
मी जहाज वळवलं. गळती बुजवायला कोणी नव्हतं. बुडालं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा बुडालं.