बेखमीर भाकर, आंबोळी आणि पोप बळवंत

मुलुंड (पूर्व)
रविवार, १६ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप बळवंतमामास कल्पिताचा साष्टांग नमस्कार.

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. आमच्या कंपनीच्या कॉम्प्युटर गेममध्ये पोप म्हणून तुझं नाव गेलं.
२. कॉन्स्टँटिनोपलचे मुख्य धर्मगुरू, म्हणजे पात्रिआर्क, म्हणून आईचं नाव गेलं.
३. क्रमांक दोनने क्रमांक एकला वाळीत टाकलं.
४. विकीने त्याचा व्हिडिओ करून गावच्या दोन्ही मंडळांच्या ग्रुपवर टाकला.
५. तू कुटुंबाच्या ग्रुपमधून बाहेर पडलास.

यातलं एक आणि दोन माझ्या हातून झालं. तीन गेमने आपोआप केलं. चारबद्दल तुझ्या मुलाला विचार. पाच तुझा निर्णय आहे.

तुझं बीपी आटोक्यात असेल आणि मामीची कंबर बरी असेल असं धरून चालते. इकडे आम्ही दोघी ठीक. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. विकी ते छापून घाटकोपरला तुझ्या हातात देणार आहे (व्हिडिओनंतर तो माझं बरंच ऐकतो).

कल्पिताने पगारासाठी गावाची चेष्टा केली, असं तू चार लोकांत म्हणालास असं कळलं. म्हणून कामाचं स्वरूप सांगते. गेम मध्ययुगीन युरोपवर आहे. खेळणारा एखादं राज्य चालवतो. त्याला सैन्य सांभाळावं लागतं, मुलींची लग्नं लावावी लागतात आणि चर्चची मर्जी राखावी लागते. यातला चर्चचा भाग माझा. सगळ्यात जास्त वेळ 'पाखंड' या शब्दाने खाल्ला. आमचे प्रमुख अनिरुद्ध यांचं म्हणणं, प्रत्येक पंथापुढे खरा की पाखंडी अशी एक खूण करून टाक. मी तसं केलं आणि गेम दुसऱ्याच दिवशी अडकला, कारण फ्रान्सच्या दक्षिणेतले काथार लोक स्वतःला पाखंडी म्हणतच नव्हते. ते स्वतःला चांगले ख्रिस्ती म्हणत आणि पाखंडी पोपला. मग मी ती खूण पंथावरून काढून बघणाऱ्याकडे दिली. म्हणजे ज्याच्या गादीवर तुम्ही बसाल, त्याच्या दृष्टीने बाकीचे बिघडलेले. (ही कल्पना आपल्याकडूनच सुचली. तुमचं 'मूळ ग्रामस्थ मंडळ' आणि आईचं 'आद्य ग्रामस्थ मंडळ', या दोन नावांतला फरक मला आजतागायत कोणी सांगू शकलेलं नाही.)

यानंतर भाकरीचा प्रश्न आला. रोमचं चर्च प्रसादाला बेखमीर भाकर वापरायचं, म्हणजे पीठ न आंबवलेली. पूर्वेकडच्या, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या, चर्चला आंबवलेलीच हवी. १०५४ साली दोघांनी एकमेकांना वाळीत टाकलं, त्यामागच्या कारणांत हेही एक मोठं होतं. अंधेरीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये मी हे मांडलं, तर अनिरुद्ध म्हणाले, "यार, पिठावरून कोण भांडतं? लोक हसतील. काढून टाक." मी सहसा घरचं ऑफिसात बोलत नाही. पण तीन आठवड्यांचं काम जात होतं, म्हणून गेल्या वर्षीचं आपलं स्नेहसंमेलन सांगितलं. आईने सबंध गावासाठी आंबोळ्यांचं पीठ आंबवलं होतं. ते उकाड्याने फुगून हॉलच्या पायरीपर्यंत आलं. तू माइक हातात घेऊन म्हणालास, "आंबलेला पीठ देवाक चालना नाय, घावणेच करूया." आईने माइकशिवाय, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "घावणो म्हंजे धीर नसलेल्याची आंबोळी!" त्यानंतर निम्मं मंडळ तिच्यामागे जिना उतरून गेलं आणि उरलेलं निम्मं तुझ्याबरोबर घावणे खात बसलं. (मी दोन्हीकडे नव्हते. मी पार्किंगमध्ये पातेलं धरून उभी होते.)

मीटिंगमध्ये कोणी हसलं नाही. चित्रं काढणाऱ्या गंधालीने विचारलं, "सख्खे भाऊबहीण? अजून बोलत नाहीत?" मी म्हटलं, अजून नाही. अनिरुद्ध म्हणाले, "भाकर राहू दे."

मग मी दोन रिकाम्या जागी तुमची नावं तात्पुरती भरली. कामात असं करतात. शेवटी एक प्रोग्राम चालवून सगळी तात्पुरती नावं बदलायची होती. त्या प्रोग्रामच्या यादीत मी 'बळवन्त' असं लिहिलं होतं आणि गेममध्ये 'बळवंत' असं. मशीनला अनुस्वार आणि अर्धा न एकच वाटत नाहीत. तुझं नाव राहिलं. आईच्या नावात अनुस्वार नाही. तरी ते राहिलं, कारण प्रोग्राम तुझ्यापाशी अडला आणि पुढे गेलाच नाही. त्यामुळे मी चाचणीसाठी खेळायला दिलेल्या प्रतीत विकीला 'पात्रिआर्क सगुणा यांनी पोप बळवंत यांना वाळीत टाकले आहे' हे वाक्य दिसलं. खालची 'यापुढे त्यांच्या हातचे पाणी घेऊ नये' ही ओळ मात्र माझी आहे. ती मला तेव्हा चांगली वाटली होती.

चुका तपासायला आम्ही वाकोल्याचे परेरा सर नेमले आहेत. निवृत्त इतिहासशिक्षक, मराठी तुझ्यामाझ्यापेक्षा शुद्ध. पोपला 'पाणी' शोभत नाही, एवढीच त्यांची हरकत होती. पण त्यांनी आणखी एक सांगितलं. १४३९ मध्ये फ्लॉरेन्सला मोठी सभा झाली आणि दोन्ही भाकरी चालतील असं ठरलं. सह्या झाल्या. पूर्वेकडचे घरी पोहोचले, तर त्यांच्याच लोकांनी ते मानलं नाही. १०५४चे ते बहिष्कार १९६५ मध्ये मागे घेतले, म्हणजे नऊशे अकरा वर्षांनी. मी विचारलं, मग भाकरीचा निकाल लागूनही अडलं कुठे? सर म्हणाले, "आधी कोणी उठून कोणाकडे जायचं, तिथे."

माझं काम सध्या इथेच थांबलं आहे. चर्च फुटण्याचे नियम गेममध्ये सोळा आहेत आणि सगळे चालतात. पुन्हा जुळण्याचा नियम एकच, आणि तो रिकामा आहे. कोणती अट पुरी झाली की जुळवायचं, हे मला लिहिता येत नाही. पुस्तकांत नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "माका काय इचारतस, पोपाक इचार." म्हणून तुला विचारते. हा प्रश्न निव्वळ तांत्रिक समजावा.

मामीला नमस्कार. विकीला काही नाही.

तुझी भाची,
कल्पिता

ता. क. १ : नावं बदलली आहेत. पोप आता नववे लिओ आहेत. ते १०५४च्या एप्रिलमध्येच वारले, त्यामुळे त्यांच्याकडून तक्रार येणार नाही.

ता. क. २ : वरचा प्रश्न तितकासा तांत्रिक नाही. आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी, २४ तारखेला सकाळी आहे, इथे मुलुंडलाच. त्याच दिवशी गेम बाजारात येतो आणि मला सुट्टी नाकारली आहे. कोणीतरी सोबत बसायला हवं. शेजारच्या माधुरीकाकू तयार आहेत. आई म्हणाली, परक्याला कशाला त्रास. मग कोणाला बोलावू, असं विचारलं. "ऱ्हवांदे." भांडी घासून झाल्यावर तिने आपणहून विचारलं, "बळवंताक जिने चढूक जमतत काय रे देवा, कोणाक ठाऊक." हे तिने देवाला विचारलं, मला नाही. मी फक्त ऐकलं.

ता. क. ३ : दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे. मी जाऊन, त्यातून वर-खाली करून आले. येणार की नाही, ते शुक्रवारी, २१ तारखेपर्यंत कळव.