शनिवारचं वजन

१३ मे, बुधवार. मुखेड

नांदेडहून एसटीनं दुपारी पोचले. स्टँडवर उतरले तर समोर मीच. भलामोठा फ्लेक्स. चेहरा माझा, गणवेश भलत्याच कुणाचा, खांद्यावर कॅप्टनचे तीन तारे. मी लेफ्टनंट, माझे दोनच. खाली लातूरच्या त्या अकादमीचं नाव. ‘आमची विद्यार्थिनी. सैन्यभरती प्रशिक्षणाचे प्रवेश सुरू.’ बारावीनंतर मी तिथं पंधरवडासुद्धा काढला नाही! अंगावर कुणी खरकटं पाणी ओतावं तसं झालं.

अप्पा न्यायला आले होते. फ्लेक्सकडं मान वर करून म्हणाले, “लई भारी दिसून राहिली बघ.”

सुट्टीतले नेम: रोज पळणं. बिनसाखरेचा चहा. झोपायच्या आधी मोबाईल नाही. आणि मुख्य म्हणजे चेहरा. आमच्या युनिटच्या सीओ साहेबांनी बोलावून सांगितलंय, काम चांगलं आहे, पण मनातली किळस तोंडावर छापून येते, जवान अधिकाऱ्याचं तोंड वाचतात. तेव्हा चेहरा कोरा ठेवणे.

आज नापास.

१४ मे, गुरुवार

पहाटे गावाबाहेरच्या रस्त्याला पळाले. ट्रॅकपँटमधली बाई बघायला माणसं ओट्यावर येऊन बसली. एक मोटारसायकलवाला बराच वेळ मागं मागं. वळून उभी राहिले तेव्हा गेला, तोही हसत.

घरी माणसांची रीघ. “फौजदारापेक्षा मोठं का बारीक?” अप्पा: “मोठं, मोठं.” आईच्या मावसभावाला मिलिटरी कँटीनच्या बाटल्या पाहिजेत. म्हटलं, मामा, मी पीत नाही. “तू नको पिऊ माय. आम्ही हाव की.” हसले तर दातांत तंबाखू. वर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. नंतर डोकं धुतलं.

चेहरा: काठावर पास.

१५ मे, शुक्रवार

बसूकाका आले, अप्पांचे धाकटे भाऊ. पेढ्यांचा पुडा पुढं केला. “आपल्या पल्लवीला तिथंच घातलं बघ. तुझा फोटो बघितला अन् म्हटलं, मंजूला घडवलं त्यांनी. आता डोळे झाकून ठेवायचं पोरीला.”

पेढा तोंडातच फिरत राहिला.

तिथं दर शनिवारी मैदानावर वजनकाटा मांडायचे. एकेका मुलीला सगळ्यांदेखत उभं करायचे. अकादमी चालवणारे सर आकडा ओरडायचे आणि आकड्यापुढं एखाद्या जनावराचं नाव लावायचे. पोरं टाळ्या वाजवायची. मी अप्पांना फोन करून बोलावलं, सगळं सांगितलं. अप्पांनी त्याच दिवशी सामान उचललं. बसमध्ये एवढंच म्हणाले, “कुणाला सांगू नको. पोरीचंच नाव निघतंय.”

म्हणजे अप्पांना सगळं माहीत. सख्खा भाऊ पोरीला तिथं घालून आला, आणि हे त्याचे पेढे वाटून राहिले.

काका गेल्यावर विचारलं. अप्पांनी आधी पंखा वाढवला. मग, “आता सुधारले असतील.”

सरांची किळस जुनीच. अप्पांची पहिल्यांदा आली. रात्री त्यांच्या पंगतीला बसले नाही.

१६ मे, शनिवार

काकांना म्हटलं, पल्लवीला भेटून येऊ. बसमध्ये सांगायचं ठरवलं होतं. काका चाकूरपर्यंत झोपले, पुढं मलाच धीर झाला नाही.

लातूरला काय ऊन! मैदानावर पत्र्याची शेड. काकांनी आधीच कळवलेलं, शाल-श्रीफळ तयार. सर तेच. पोट सुटलंय, आवाज तसाच. पोरं-पोरी ओळीत उभी. आणि शेडच्या तोंडाशी काटा. नवीन घेतलाय, लाल आकड्यांचा, लांबून दिसावा असा.

पल्लवी वाळून काठी झालीय. बाजूला घेतलं. ओठ फुटलेले. म्हणाली, “अक्का, शुक्रवारपासून जेवत नाही ना आम्ही. पाणीबी थोडंच.” “का?” “आज शनिवार हाय की.” वर मलाच विचारते, “तुमच्याकडंबी असंच असंल ना?”

सांगितलं, आमच्याकडंही वजन होतं. डॉक्टरच्या खोलीत, दार लावून, एकेकीचं. आकडा डॉक्टरला आणि जिचा तिला. तिनं ऐकलं, पण खरं वाटलेलं दिसलं नाही.

माईक हातात दिला. “मॅडम दोन शब्द सांगतील.” आवाज चढवायचा नाही एवढंच घोकत होते. म्हटलं, मी या संस्थेची विद्यार्थिनी नाही. थोडे दिवस होते, या काट्यापायी सोडून गेले. मुलींचं वजन असं चारचौघांत ओरडून सैनिक घडत नाही. हे घाण आहे. माझा फोटो काढून टाका.

आवाज चढला नाही. पण चेहरा...

सर मोठ्यानं हसले. “मॅडम मजाक करून राहिल्या. टाळ्या!” आणि ओळीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरींनीसुद्धा. पल्लवीनंसुद्धा. बाहेर येऊन नाल्याशी ओकले.

काका परतीच्या बसमध्ये दुसऱ्या सीटवर बसले. अहमदपूर आल्यावर विचारलं, “दादाला माहीत होतं?” मी हो म्हटलं.

१७ मे, रविवार

काका सकाळीच दारात. आत आले नाहीत. “दादा, तुझ्या पोरीला तू आणलं. माझी पोरगी काय वाटंवर पडली होती का?” आई म्हणाली, भाऊजी, पाणी तरी घ्या. न घेताच गेले.

अकादमीत रविवारी मुलांना फोन देतात. पल्लवी माझ्यावरच तापलेली. “पप्पा परत ये म्हणून राहिले. मी येणार न्हाई. मुखेडला कुठं मैदान हाय? पळायला कोण शिकवणार? तू अधिकारी झाली अन् आता माझं दार लावून राहिली. तुला न्हाई जमलं तिथं. मला जमतंय.” ठेवला.

पळण्यात ती माझ्यापेक्षा सरस आहे, हेही खरंच.

१९ मे, मंगळवार

सरांचा फोन. आवाजात तूप. “ऑफिसर सुट्टीत येऊन संस्थेत तमाशा करतात, हे वरिष्ठांना कळवावं लागंल मॅडम.” म्हटलं, कळवा, पत्ता देते. लगेच सीओ साहेबांना सगळं लिहून पाठवलं. उत्तर नाही.

लातूरच्या एका सरकारी कार्यालयात फोनवर तक्रारीचं विचारलं. पालकाची सही पाहिजे म्हणे. काकांना फोन केला. “अन् उद्या पोरीला कुणी पळूच दिलं न्हाई तर?” सही नाही.

सरांची किळस, त्या हसण्याची, टाळ्यांची. आणि हे सगळं मनातल्या मनात घोळवत बसणाऱ्या माझीही. आज पळाले नाही. चहात दोन चमचे साखर.

२१ मे, गुरुवार

अप्पा आणि मी अजून कामापुरतंच बोलतो. आज अप्पा आपलं दुकान लवकर बंद करून आले. खुर्चीत न बसता उंबऱ्यावर टेकले.

“त्या येळेला मी भेलो होतो, मंजू.”

मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले.

“शनवारी दुकान बंद ठेवतो. लातूरला जातो.”

“जाऊन काय करणार? भांडणार?”

“मला कुठं भांडता येतं? खुर्ची टाकून काट्यापाशी बसतो. माझ्यादेखत वरडतो का ते बघतो.”

“एक शनिवार बसून काय होणार?”

“तर मग दर शनवारी.”

बरं वाटायला पाहिजे होतं. इतक्या वर्षांनी, असं एक वाक्य तोंडापर्यंत आलं. गिळलं. चहा करून दिला, एवढंच.

२३ मे, शनिवार. रेल्वेत

अप्पा पहाटेच्या एसटीनं लातूरला गेले. नांदेडला सोडायला एकटी आई. म्हणाली, “जाताना पाया पडायची होतीस त्यांच्या.” मी झोपले नव्हते. त्यांच्या चपला वाजल्या तेव्हा जागीच होते. उठले नाही.

नागपूरला गाडी बदलायची. मुदखेड गेलं तरी फोन नाही. मीच दोनदा लावला, उचलला नाही. भोकरच्या पुढं त्यांचा आला. मागं शिट्ट्या, पळणाऱ्या पोरांचा आवाज.

“काय झालं अप्पा?”

“बसलोय.”

“ओरडले का?”

“काटाच बाहेर काढला न्हाई आज. सर म्हणले, बिघडलाय. म्हटलं, नीट होऊ द्या. येतो पुढल्या शनवारी.”

“पल्लवी?”

“बघितलं माझ्याकडं. बोलली न्हाई.” मग, “जेवली मात्र. मी डबा नेला होता आईचा, तो...”

हिमायतनगरच्या अलीकडं रेंज गेली. डबा तिनं सगळ्यांसमोर खाल्ला की लपून, ते विचारायचं राहिलं.